आधी दर, मग काम

आम्ही राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून आलोय. आमचा दहा जणींचा बचत गट आहे. चोरदरवाजाच्या वाटेनं गडावर जाणारी माणसं शनिवार-रविवारी आमच्या दारावरनं जातात. त्यांना पिठलं-भाकरी करून द्यायची, गार ताक, लिंबू सरबत द्यायचं, आणि थंडीत आंघोळीला बंबाचं कढत पाणी द्यायचं, हा आमचा धंदा. म्हणजे उन्हाळ्यात गारवा विकायचा आणि हिवाळ्यात ऊब. या गारव्याचा आणि उबेचा दर कसा ठरवायचा, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. तेच आज सांगतो.

गटानं कर्ज काढून १८,००० रुपयांचा फ्रिज घेतला होता. मे महिन्यात, नेमका शुक्रवारी, तो गार करीना. दुसऱ्या दिवशी माणसं येणार, ताकाचं दही आत. एका मेकॅनिकला फोन केला. तो आला. आम्ही विचारलं, "दादा, किती होतील?" तो म्हणाला, "बघतो आधी, मग सांगतो." तासभर काम केलं आणि म्हणाला, "गॅस संपला होता, भरला. २,६०० द्या." आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं पाहिलं, पण फ्रिज चालू झाला होता. पैसे दिले. कागद मागितला नाही. २० रुपयांचा एक ग्लास धरला, तर ही १३० ग्लास ताकाची विक्री होती.

पंधरा दिवसांत फ्रिज परत तसाच. त्याच मेकॅनिकला फोन लावला, तर म्हणे, "परत गॅस गेला असेल, परत भरावा लागेल." मागच्या कामाचं काय, असं विचारलं, तर तो विषयच बदलायचा. भांडायला आमच्याकडं कागद नव्हता, म्हणून तोंडही नव्हतं.

मग आमच्यातल्या एकीचा भाचा आला. त्यानं आयटीआयमध्ये फ्रिज-एसी दुरुस्तीचा दोन वर्षांचा कोर्स केलाय. त्यानं फ्रिज उघडायच्या आधीच सांगितलं, "मावशी, यायचे ३०० होतील. बिघाड सापडला की खर्च सांगेन. तुम्ही हो म्हणालात तरच पुढं हात लावेन." आणि मग त्यानं समजावलं ते सगळ्यांनी ध्यानात ठेवा. फ्रिजमधला गॅस चुलीच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो, आतली उष्णता घेतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. गॅस कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. गळती न बुजवता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

गळती त्यानं शोधून दाखवली. फ्रीझरच्या पत्र्याला बारीक भोक होतं. आणि ते कशानं पडलं? बर्फ सुटत नव्हता म्हणून आमच्यातल्याच एकीनं सुरीनं खरवडला होता! म्हणजे चूक निम्मी आमची. पण पहिल्याच दिवशी "गॅस कुठनं गेला, दाखवा" एवढं विचारलं असतं, तर २,६०० रुपये पाण्यात गेले नसते. भाच्यानं गळती बुजवली, गॅस भरला, पैसे घेतले आणि तीन महिन्यांची हमी कागदावर लिहून दिली. तेव्हापासून फ्रिज नीट चालू आहे. बर्फ काढायला आता आम्ही फ्रिज बंद करून वाट बघतो, सुरी लावत नाही.

आता आमचीच गोष्ट ऐका. त्याच मोसमात एक मुलगा पाण्याची बाटली घ्यायला आला. बाटलीवर २० छापलेले. आम्ही ३० मागितले. तो म्हणाला, "काकू, यावर वीस लिहिलंय." आम्ही म्हणालो, "गार करायचे दहा." त्यानं पैसे दिले, पण तोंड वाकडं करून गेला. त्याच्याबरोबरची बारा माणसं परतताना दुसरीकडं जेवली. रात्री भांडी घासताना आमच्यातली एक म्हणाली, "मेकॅनिकला आपण शिव्या घातल्या. मग आपण काय केलं?" कुणालाच उत्तर देता आलं नाही.

मग आम्ही वही घेऊन हिशेबाला बसलो. आमचा फ्रिज सारखा उघडतो, म्हणून महिन्याला ३० युनिट धरले. युनिटला १० रुपये धरले, तर ३०० झाले. फ्रिज दहा वर्षं टिकेल असं धरलं, तर महिन्याची झीज १५०. दुरुस्तीसाठी बाजूला २००. एकूण ६५०. महिन्याला ५०० ग्लास आणि बाटल्या गार होतात. म्हणजे एकामागं १ रुपया ३० पैसे! आणि आम्ही घेत होतो दहा. मागायला सुचलं म्हणून मागितले होते, हिशेब कुणी केलाच नव्हता.

आणि कायदाही सांगतो. पाकीटबंद वस्तू छापील किमतीपेक्षा जास्तीला विकता येत नाही. वैधमापन खात्याचे २०११ सालचे नियम आहेत तसे. दुकानदार गार करायचे म्हणून वर पैसे घेतो, तेही त्यात बसत नाही. छापील किमतीत विकणाऱ्याचा वाटा धरलेला असतो, गार करायचा खर्च त्यातूनच निघायला हवा. पण आपल्या हातचं ताक, सरबत, भाकरी यांचा दर आपण ठरवायचा. म्हणून गडावर ओझं न्यायचंच असेल, तर बाटल्यांपेक्षा ताकाचा कॅन बरा. चढायच्या कष्टाचे पैसे त्यात उघड धरता येतात, आणि गिऱ्हाईकही ते कुरकुर न करता देतं.

कढत पाण्याची तऱ्हा उलटी होती. बादलीचे किती, असं विचारलं, की आम्ही लाजून म्हणायचो, "द्या तुमच्या खुशीनं." मग कुणी १० द्यायचा, कुणी १००. दहा देणाऱ्यावर आम्ही मनात चिडायचो, आणि शंभर देणाऱ्याला वाटायचं आपल्याला फसवलं. लाकूड कुणी आणलं, पहाटे चारला बंब कुणी पेटवला, याचा त्यात हिशेबच नव्हता. मेकॅनिकचं "बघतो, मग सांगतो" आणि आमचं "खुशीनं द्या" ही एकाच माळेतली. दोन्हीकडं दर आधी सांगितलेला नाही.

आता दाराशी रंगवलेला पत्रा लावलाय. जेवण, ताक, सरबत, कढत पाण्याची बादली, सगळ्यांचे दर त्यावर आहेत. बाटलीपुढं लिहिलंय, "छापील किंमत". फोनवर जेवण सांगणाऱ्यालाही आधी दर सांगतो. घासाघीस जवळजवळ थांबली. ज्या जावेला पैसे मागायची लाज वाटायची, ती आता नुसतं पत्र्याकडं बोट दाखवते.

आता तुमच्या फ्रिजसाठी चार गोष्टी. मेकॅनिकला बोलवायच्या आधी प्लग, बटण आणि आतली थंडीची चकती बघा. मागची जाळी धुळीनं भरली असेल तर प्लग काढून पुसा. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागं वीतभर जागा सोडा. दाराच्या रबरात एक नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढून निघाली, तर रबर सैल आहे, गारवा तिथनं जातोय. वीज जाऊन आली की लगेच बटण दाबू नका, पाचेक मिनिटं जाऊ द्या.

मेकॅनिक येणार असेल, तर फोनवरच विचारा की यायचे किती, आणि काम केलं तर ते बिलात वळते होतील का. खर्च ऐकल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. गॅस म्हणाला तर गळती दाखवायला सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या. तारीख, काम, रक्कम आणि हमी लिहिलेलं बिल घ्या आणि गटाच्या फायलीत लावा.

पण त्याचीही बाजू बघा. नसरापूरहून मार्गासनी, साखर करत गुंजवण्याला यायचं म्हणजे पेट्रोल जातं, अर्धा दिवस मोडतो. बिघाड किरकोळ निघाला तरी त्याचा वेळ गेलेलाच असतो. यायचे पैसे मागितले म्हणून तो लबाड होत नाही. काम झाल्यावर घासाघीस करू नका, दर आधी ठरवा आणि ठरलेला पुरा द्या. आम्ही आता तीन-चार घरांच्या तक्रारी गोळा करून एकाच दिवशी बोलावतो. यायचा खर्च वाटला जातो, आणि त्यालाही पुरेसं काम मिळतं.

एवढं करूनही फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. ग्राहक पंचायत आपल्याच पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी सुरू केली. तेव्हा हक्क मागायची रीत आपल्याकडं नवी नाही. पण तिथंही पहिला प्रश्न तोच येतो, बिल आहे का?

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एवढंच करा. आपण विकतो त्या प्रत्येक वस्तूचा खर्च वहीत मांडा आणि दर दाराशी लिहा. आणि दुसऱ्याकडून काम घेताना तोच दर आधी मागा. दोन्ही बाजूंना मान राहतो.

राम राम मैत्रिणींनो. गडावर याल तेव्हा ताक प्यायला या. दर पत्र्यावर लिहिलेला आहे!