साबणाच्या पाण्यातलं पायरीन



शांपूच्या किंवा टूथपेस्टच्या वेष्टनावर ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ हे नाव आपण वाचलेलं असतं. याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं, आणि बारा कार्बनांची लांब शेपटी पाणी टाळणारी. पाण्यात अगदी थोडं घातलं तर हे रेणू सुटे राहतात. संहती वाढत गेली की एका मर्यादेपाशी ते गोळा होतात, शेपट्या आत आणि विद्युतभारित टोकं बाहेर. या पुंजक्याला मायसेल म्हणतात. तेलकट मळ पाण्यात सामावतो तो या पुंजक्यांच्या पोटात.

ही कल्पना जेम्स मॅकबेन यांनी 1913 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला मांडली. साबणाचं द्रावण वीज उत्तम वाहून नेतं, पण त्यातले स्वतंत्र कण मोजावेत तर फार कमी भरतात, हे कोडं त्यांना पडलं होतं. त्यांचं उत्तर पटायला लोकांना वर्षं लागली. हेच मॅकबेन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. ही गोष्ट आपल्याकडे अधिक लोकांना ठाऊक असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मायसेल जेमतेम चार-पाच नॅनोमीटरचं असतं. द्रावण नितळच दिसतं. मग ते तयार झालं हे ओळखायचं कसं? इथे पायरीन कामी येतं. चार वलयांचा हा रेणू अतिनील प्रकाश शोषतो आणि निळसर-जांभळा प्रकाश परत देतो. त्या प्रतिदीप्तीच्या वर्णपटात पाच शिखरं असतात. पहिलं 373 नॅनोमीटरपाशी, तिसरं 384 पाशी. भोवती पाणी असेल तर पहिलं शिखर उंचावतं, तेलकट परिसरात ते खाली बसतं. तिसरं मात्र फारसं बदलत नाही. कल्याणसुंदरम आणि थॉमस यांनी 1977 मध्ये हे मायसेलांच्या अभ्यासासाठी वापरून दाखवलं.

पहिल्या शिखराला तिसऱ्याने भागायचं. पाण्यात उत्तर सुमारे 1.8 येतं. लॉरिल सल्फेट वाढवत नेलं की लिटरला आठ मिलिमोलच्या, म्हणजे साधारण सव्वादोन-अडीच ग्रॅमच्या आसपास हा आकडा झपाट्याने उतरतो आणि 1.1 पाशी स्थिरावतो. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा 1.1. निव्वळ तेलासारख्या हायड्रोकार्बनात तो 0.6 च्या जवळ असतो. म्हणजे मायसेलात शिरलेलं पायरीन कोरड्या गाभ्यात बसत नाही, पाणी जिथवर पोचतं त्या कडेला राहतं. एका भागाकारातून मायसेल कधी जमलं हे कळतं, आणि त्याची अंतर्रचनाही.

पायरीन मात्र अत्यल्प हवं, लिटरला एखादा मायक्रोमोल. जास्त झालं तर दोन रेणू जोडीने प्रकाश देऊ लागतात आणि 470 नॅनोमीटरच्या आसपास रुंद पट्टा उमटतो. पाहायला गेलो त्या द्रावणाला आपणच ढवळून ठेवतो.

भारित रेणूंच्या बाबतीत विद्युतवाहकता मोजूनही हीच मर्यादा सापडते. भाररहित साबणांमध्ये ती वाट बंद असते, पायरीनची खुली राहते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या महाविद्यालयात प्रतिदीप्तीमापक असेल तर एकाच द्रावणावर दोन्ही प्रयोग करा, आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहा.