एकवीस पत्री आणि एक बाग

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



चतुर्थीच्या पूजेत गुरुजी एकेका पत्रीचे नाव घेतात आणि आपण जुडीतले हाताला लागेल ते पान वाहतो. माका कोणता, आघाडा कोणता हे सांगणारी आजी घरात होती तोवर प्रश्न नव्हता. नोकरी-व्यवसायानिमित्त तंजावरला आलेल्या आपल्या घरांत आजी नाही, आणि मुलांची ओळख दूर्वा, तुळस, बेल इथेच थांबते. म्हणून मंडळापुढे एक मागणी ठेवतो. सर्वांना खुली अशी, शिकण्यासाठीची एक पत्रीची बाग आपण करावी.

या वनस्पती गावाकडून आणाव्या लागणार नाहीत. माका इथे कालव्याकाठी, भाताच्या बांधावर आपसूक उगवतो. त्याला करिसलांगण्णी म्हणतात. आघाडा म्हणजे नायुरुवी, शमी म्हणजे वन्नी, धोत्रा म्हणजे ऊमत्तै, दूर्वा म्हणजे अरुगम्पुल्. रुईची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो. इथे एरुक्कू या नावाने तिचीच फुले पिळ्ळैयारच्या गळ्यात दिसतात. हादगा म्हणजे अगत्ती. इथे द्वादशीला उपवास सोडताना अगत्तीची भाजी लागतेच, आणि कावेरीकाठच्या पानमळ्यांत नागवेल चढते तीही याच झाडावर. एका पत्रीत स्वयंपाकघर, शेत आणि देवघर तिन्ही आले! देवदार मात्र इथे लागणार नाही, ते हिमालयातले झाड. महाराष्ट्रातही जुडीत त्या नावाने बहुधा दुसरेच पान येते, तेव्हा त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

नाव कळणे ही नुसती हौस नाही. धोत्रा आणि कण्हेर विषारी आहेत, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. मुलांच्या हाती जुडी देण्यापूर्वी हे घरातल्या कोणाला तरी माहीत असायला हवे.

दुसरी गोष्ट पंचांगाची. आपण पेरणी मृगापासून मोजतो. तंजावरचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून, पण तीही दरवर्षी पाळता येतेच असे नाही. जूनमध्ये हौसेने कुंडीत बी टाकणारा आपला माणूस नुसते पाणी घालत बसतो. इथला शेतकरी आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यानंतर, पेरणीला लागतो. हे पुस्तकात वाचून उमगत नाही, शेजारी वाफा करणाऱ्याकडून उमगते.

आणि ही कल्पना या गावाला नवी नाही. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल उभारला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत, माणसांप्रमाणे जनावरांसाठीही औषधे होत. राजांनी औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढवून घेतली. आज सरस्वती महालात पोथ्यांचे कौतुक करताना या चित्रांचा हेतू आपण विसरतो. नाव वाचून झाड ओळखता येत नाही, ते पाहावे लागते, एवढा साधा तो हेतू असावा असे मला वाटते.

गावात मोठे उद्यानही आहे. तेव्हाच्या नगरपालिकेने १८७१-७२ मध्ये बृहदीश्वर मंदिराशेजारी शिवगंगा उद्यान केले. पण उद्यानात माणूस हवा खायला जातो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीतले पुष्पप्रदर्शन आणि मुलांची चित्रकला स्पर्धा पाहिली असेल त्यांना फरक कळेल. तिथे लोक प्रश्न विचारतात आणि रोप घेऊन घरी जातात. आपल्याला तेवढी जागा नको. आठ-दहा वाफे पुरेत, मात्र प्रत्येकापुढे मराठी आणि तमिळ दोन्ही लिपींत पाटी हवी, आणि फाटक शेजारच्या तमिळ मुलांनाही उघडे हवे.

अडचण सांगितलीच पाहिजे. आपल्यातले पुष्कळ जण बदलीचे. तीन वर्षांत साहेब जातात आणि बाग वाळते, असे मी अनेक वसाहतींत पाहिले आहे. मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे ठरल्याशिवाय एकही रोप लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून देखरेख इथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या तंजावरी मराठी घराण्यांनी आणि एखाद्या पगारी तमिळ माळ्याने करावी. खर्चाचा भार आपण बदलीवाल्यांनी उचलावा. त्या घरांतल्या वयस्कर बाईंना दोन्ही भाषांतली नावे तोंडपाठ असतात, तेव्हा पहिला वर्गही त्यांनीच घ्यावा.

ऑक्टोबरच्या पावसाआधी वाफे तयार हवेत. सुरुवात दूर्वा, माका, आघाडा, तुळस, मरवा आणि हादगा यांनी करू. धोत्रा, कण्हेर आणि रुई कुंपणाच्या आत, वेगळ्या पाटीसह. ज्यांच्याकडे रोपे किंवा बी असेल त्यांनी आरतीनंतर कार्यवाहांकडे नाव द्यावे. मे महिन्याच्या पाण्याची जबाबदारी घेणाऱ्यांची यादी वेगळी आहे, तिच्यावर आधी सही करावी.