मुंबईचे मलजल : घरापासून समुद्रापर्यंत



ज्येष्ठ सरत आला की मुंबईकराची नजर वृत्तपत्रातील एका छोट्या चौकटीकडे वळते. भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांत किती साठा उरला, याचा हिशेब तेथे छापलेला असतो. पाणी कोठून येते, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरदऱ्यांतून दररोज चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी या महानगरात आणले जाते. मात्र वापरून झालेले हेच पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही क्वचितच विचारला जातो. नळाचे पाणी गेले की मोर्चा निघतो. मोरीचे पाणी कोठे गेले म्हणून मोर्चा निघाल्याचे उदाहरण शोधावेच लागेल.

अभियांत्रिकीचा सर्वसाधारण संकेत असा की, पुरविलेल्या पाण्यापैकी ऐंशी टक्के पाणी मलजल होऊन बाहेर पडते. म्हणजे जेवढी प्रचंड यंत्रणा पाणी आणण्यासाठी लागते, जवळजवळ तेवढीच ते परत नेण्यासाठी लागते. पाणी दाबाखाली येते, त्यामुळे त्याची वाहिनी चढ-उतार कसाही घेऊ शकते. मलजल मात्र उताराने आपल्या गतीने वाहावे लागते. ही गती सेकंदाला साधारण साठ सेंटिमीटरपेक्षा कमी झाली की वाळू, राख आणि घाण तळाशी बसू लागते व वाहिनी चोंदते. म्हणून तिला सतत उतार द्यावा लागतो, आणि उतार देता देता ती इतकी खोल जाते की पुढे खोदणे अशक्य होते. अशा ठिकाणी उदंचन केंद्र उभारून मलजल पुन्हा वर उचलावे लागते. मुंबईसारख्या, बेटे जोडून आणि भराव घालून तयार झालेल्या सपाट शहरात, जेथे भरतीचे पाणी दिवसातून दोनदा दारात येते, तेथे ही केंद्रे हीच खरी हृदयस्थाने होत. वीज गेली आणि तेथील पंप थांबले, तर अर्ध्या उपनगराच्या मोऱ्या तुंबतील.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे भुयारी गटारांची उभारणी सुरू झाली. मुंबईत पावसाचे पाणी व मलजल यांच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. पर्जन्यजल वाहिन्या नाल्यांतून सरळ समुद्राला मिळतात. मलनिःसारण वाहिन्यांचे सुमारे दोन हजार किलोमीटरचे जाळे सात विभागांत वाटले आहे : कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर. कागदावरची ही विभागणी जमिनीखाली मात्र फारशी पाळली जात नाही. कोठे गच्चीचे पाणी मलवाहिनीत सोडलेले असते, तर कोठे संडासाची नळी पावसाच्या नाल्याला जोडलेली असते. पहिल्या प्रकाराने पावसाळ्यात रस्त्यावरील झाकणे उचलली जाऊन मैला वर येतो आणि दुसऱ्याने नाला बारमाही गटार होतो. अशा चोरट्या जोडण्या रात्रीत कोणी परका करून जात नाही. त्या इमारतींचेच नळकामगार इमारतीच्या संमतीने करतात.

या जाळ्याच्या शेवटी काय घडते? वरळी आणि वांद्रे येथील केंद्रांत कित्येक वर्षे प्राथमिक चाळण एवढाच संस्कार होत आला. लोखंडी जाळ्यांवर चिंध्या, प्लॅस्टिक अडवायचे, वाळू खाली बसवायची, आणि उरलेले पाणी समुद्रतळाखालच्या बोगद्यातून किनाऱ्यापासून सुमारे ३.४ किलोमीटर आत सोडायचे. जागतिक बँकेच्या साहाय्याने गेल्या शतकाच्या अखेरीस व चालू शतकाच्या आरंभी हे बोगदे कार्यान्वित झाले, तेव्हा ते मोठेच पाऊल होते; त्यापूर्वी घाण किनाऱ्यालगतच सुटत असे. पण सागर विशाल आहे, तो सारे पोटात घेईल, हा त्यामागचा विश्वास होता. समुद्राला नारळ वाहणाऱ्या या नगरीने असा विश्वास बाळगावा, याचे नवल वाटते.

खरा संस्कार त्यानंतर सुरू होतो. मलजलातील सेंद्रिय द्रव्य खाणारे सूक्ष्म जीव टाकीत वाढवायचे, त्यांना हवा पुरवायची, त्यांचे काम झाले की त्यांना गाळाच्या रूपाने तळाशी बसू द्यायचे आणि वरचे नितळ पाणी काढून घ्यायचे. मँचेस्टरमध्ये १९१४ मध्ये ही पद्धत प्रथम मांडली गेली. आजच्या बहुतेक केंद्रांच्या मुळाशी तीच आहे. नदी हेच काम फुकट करते, फक्त तिला वेळ आणि प्राणवायू लागतो. शहर तिला दोन्ही देत नाही, म्हणून तिचे काम टाकीत उरकावे लागते. मुंबईत कुलाब्याला ३७ दशलक्ष लिटर क्षमतेचे असे केंद्र उभे राहिले, आणि १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप व घाटकोपर येथील सात नव्या केंद्रांचे भूमिपूजन झाले. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर इतकी ठरविण्यात आली.

हे स्वागतार्हच आहे. परंतु केंद्र बांधले म्हणजे प्रश्न सुटला, या समजुतीला आकडे साथ देत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये देशातील केंद्रांची मोजदाद प्रसिद्ध केली. नागरी भागांत दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर मलजल निर्माण होते. त्यावर प्रक्रिया करण्याची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती, चालू क्षमता २६,८६९ आणि प्रत्यक्ष प्रक्रिया झालेले मलजल अवघे २०,२३६ दशलक्ष लिटर. यंत्रणा अपुरी आहे, हे पहिले दुःख. जी आहे ती पूर्ण चालत नाही, हे दुसरे. आणि जी चालते तिच्यापर्यंतही पुरेसे मलजल पोहोचत नाही, हे तिसरे दुःख सर्वांत कमी चर्चिले जाते. टाकीचे उद्घाटन करता येते, तिच्यावर फलक लावता येतो. गल्लीतल्या नऊ इंची नळीला कोण हार घालणार?

ही नळी जेथे पोहोचलेली नाही, त्या वस्त्या कोणत्या हे सांगण्याची गरज नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची सुमारे चाळीस टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. सेवावस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना तेथील चित्र नित्याचे आहे : गल्ली इतकी अरुंद की खोदकामाचे यंत्र शिरत नाही, सार्वजनिक शौचालय आहे, पण त्याची टाकी भरून वाहते आणि ते पाणी उघड्या नालीने नाल्यात व नाल्यातून मिठी नदीत जाते. विहार आणि पवई तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन निघणारी ही नदी माहीमच्या खाडीला मिळेपर्यंत अठरा किलोमीटरही वाहत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती नदी आहे, याची आठवण शहराला झाली. तिच्या काठच्या घरांना मलवाहिनी मिळाल्याशिवाय तिच्या पात्रातील गाळ कितीही वेळा काढला, तरी पाणी काळेच राहणार.

हे पाणी फेकून देण्याच्या योग्यतेचे नसते, हे नागपूरने दाखवून दिले आहे. तेथे भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले मलजल महानिर्मितीच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राला पुरविले जाते. त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला १३० दशलक्ष लिटर होती. औष्णिक केंद्राला थंडाव्यासाठी अखंड पाणी हवे असते, आणि तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी व शेतीसाठी मोकळे होते. विदर्भातील शेतकऱ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मुंबईला तर शेजारच्या जिल्ह्यांची धरणे जोडत जावे लागते, आणि त्या धरणांच्या कुशीतील आदिवासी पाड्यांवर माघ-फाल्गुनातच टंचाई सुरू होते. शहराने वापरलेले पाणी उद्यानांना, बांधकामांना आणि कारखान्यांना पुन्हा दिले, तर त्या पाड्यांपुढे मान वर करून उभे राहता येईल.

आता या व्यवस्थेतील माणसाविषयी. वाहिनी चोंदते तेव्हा कोणीतरी तिच्यात उतरतो. आत हायड्रोजन सल्फाइड हा वायू साचलेला असतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी राहतो. प्रमाण थोडे असता त्याला सडक्या अंड्याचा दर्प येतो. वाढले की घ्राणशक्ती बधिर होते आणि माणसाला वाटते वास गेला, धोका टळला. तो आणखी दोन पायऱ्या उतरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दुसऱ्यासाठी तिसरा. म्हणूनच अशा बातम्यांत मृतांची संख्या बहुधा एक नसते. संसदेत दिलेल्या माहितीनुसार १९९३ पासून देशात हजाराहून अधिक कामगार असे दगावले. हे काम जन्माने कोणाच्या वाट्याला आले, हे समाजाला पुरते ठाऊक आहे. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तेव्हा गावाने त्यांचे कीर्तन ऐकले. खराटा मात्र ज्याच्या हाती होता त्याच्याच हाती राहिला.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांवाचून माणसाला गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला. पहिल्याच गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. महापालिकांनी शोषणयंत्रे आणि दाबाच्या पाण्याने वाहिनी धुणारी वाहने घेतली. तिरुवनंतपुरमच्या तरुण अभियंत्यांनी मॅनहोलमध्ये उतरणारा यंत्रमानवही बनविला. तथापि, कायदा फक्त महापालिकेसाठी नाही, हे गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीच्या गावीही नसते. सोसायटीची टाकी भरली की सचिव ओळखीच्या कंत्राटदाराला दूरध्वनी करतात. तो दोन मुले पाठवितो. त्यांच्याकडे दोर आणि बादली असते. मुखवटा, वायू मोजण्याचे उपकरण, वर उभा राहणारा देखरेख्या, काहीच नसते. दर कमी सांगितला म्हणून त्याला काम मिळालेले असते. १४४२० या क्रमांकावर मैल्याच्या टाक्या व गटारे यंत्राने साफ करून घेण्याबाबत मदत मिळते. हा क्रमांक किती संस्थांच्या सूचनाफलकावर लिहिलेला आहे, हे प्रत्येकाने आज घरी परतताना जिन्याखाली थांबून पाहावे.