झेंडू लावला, पण उशिरा फुलला

एसटीत असाल, गोठ्यात असाल, हेडफोन लावा. आज माझी फजिती सांगतो.

जुन्नर तालुक्यात आमचं टोमॅटोचं रान आहे. दोन वर्षांपूर्वी मी आबांना म्हटलं, "यंदा औषधाचा खर्च कमी करू. टोमॅटोत झेंडू लावू, अळी झेंडूवर जाईल." आबा म्हणाले, "लाव. पण प्लॉट गेला तर सोसायटीचं कर्ज तूच फेडायचं."

लावला. दोन्ही रोपं एकाच वयाची, लागवड एकाच दिवशी. टोमॅटो फुलावर आला तेव्हा झेंडू नुसता हिरवागार! पतंगानं अंडी घातली ती टोमॅटोवरच. तोड्याला क्रेटमागून क्रेट भोकं पडलेला माल. आबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

फळ पोखरणारी अळी म्हणजे हरभऱ्यातली घाटेअळीच. तिच्या मादीला झेंडूच्या कळ्या-फुलं जास्त आवडतात, पण ती तिथे असायला तर हवीत ना! बंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस मी नंतर नीट वाचली. उंच वाढणाऱ्या आफ्रिकन झेंडूचं रोप 40 दिवसांचं, टोमॅटोचं 25 दिवसांचं, लागवड एकाच वेळी. टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची 1 ओळ. म्हणजे झेंडूचं बी 15 दिवस आधी टाकायचं, एवढंच माझं राहिलं होतं.

मागच्या वर्षी तसं केलं. दोन्ही बरोबर फुलले, अळ्या झेंडूवर दिसू लागल्या. पण आता निवांत बसलात तर तोच झेंडू अळ्यांचं पाळणाघर होतो. मी दर तीन-चार दिवसांनी अळ्या वेचायचो, किडकी फुलं तोडून खड्ड्यात पुरायचो. एचएएनपीव्ही, म्हणजे अळीला रोग लावणारा विषाणू, तोही फवारला. संध्याकाळी, कारण उन्हात तो टिकत नाही.

फवारण्या बंद झाल्या असं नाही हां, कमी झाल्या. पांढरी माशी आणि टूटा ह्यांना झेंडूचं काही पडलेलं नाही. टूटासाठी कामगंध सापळे वेगळे लावावे लागले.

आई मात्र नाराज. दसऱ्याला फुलं विकायचा तिचा बेत होता. "अळ्यांनाच घालायची होती तर एवढं महागाचं बी कशाला आणलंस?" यंदा तिच्यासाठी बांधाकडेला वेगळी ओळ लावलीय. आणि झेंडूचं बी ह्या वेळी मला न विचारता आबांनीच टाकलं, बरोबर 15 दिवस आधी.