लाल सिग्नल आपला आपणच



सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी माझी ओळख 'गगनभरारी घेणारे पूर्णेचे सुपुत्र' अशी करून दिली. बरं वाटलं. पण त्याच वेळी मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, पगार किती?" सगळे हसले आणि प्राचार्य सरांनी डोळे वटारले. सर, त्या पोराला काही म्हणू नका. कॉलेजच्या या स्नेहसंमेलनात फिशपॉन्डपासून आत्तापर्यंत सगळ्यात कामाचं तोच बोलला. मी घरून लिहून आणलेलं भाषण खिशात ठेवतो आणि त्यालाच उत्तर देतो.

आधी एक खुलासा. तुम्ही टीव्हीवर पाहता त्या मोठ्या एअरलाइनचा मी पायलट नाही. मी किंग एअर बी-२०० चालवतो. दोन इंजिनं, दोन पंखे, मागं सात-आठ माणसं. कारखान्यांचे मालक, कंपन्यांचे संचालक, निवडणुका लागल्या की पुढारी, आणि कधी कधी सीट काढून ठेवलेलं स्ट्रेचर आणि त्यावरचा पेशंट. मोठं जेट जिथं उतरू शकत नाही, अशा आखूड धावपट्टीवर आमचं विमान उतरतं. म्हणून बारामती, जळगाव, धुळे ही आमची गावं. पगाराचं म्हणाल तर तो समजायला आधी माझ्या वडिलांचा पगार समजून घ्यावा लागेल.

वडील पूर्णेच्याच लोको शेडला फायरमन म्हणून लागले. मीटर गेज आणि वाफेच्या इंजिनाचे दिवस. फायरमनचे शंटर झाले, शंटरचे मालगाडीचे ड्रायव्हर, मग पॅसेंजरचे आणि निवृत्तीच्या आधी थोडी वर्षं मेलचे. इथल्या रेल्वे कॉलनीतल्या आजोबांना ही शिडी पाठ असेल. मूळ पगार वेगळा आणि गाडी चालली तेवढ्या अंतराचे पैसे वेगळे. त्याला घरात 'मायलेज' म्हणत. महिना संपला की आई विचारायची, "आवं, ह्या खेपी मायलेज किती बसलं?" त्या उत्तरावर आमचे दिवाळीचे कपडे ठरायचे.

माझंही तसंच आहे. ठरलेला पगार वेगळा, उडालेल्या तासांचा भत्ता वेगळा, आणि गावाबाहेर मुक्काम पडला तर त्याचा आणखी वेगळा. वडिलांचं किलोमीटरवर होतं, माझं तासावर आहे. फरक इतकाच की वडिलांना रेल्वेनं पहिल्या दिवसापासून पैसे दिले. पायलटला मात्र आधी तास विकत घ्यावे लागतात, आणि मगच ते विकता येतात. या धंद्यातलं सगळं सुख-दुःख या एका वाक्यात आहे.

वही काढा, गणित करू. कमर्शियल पायलट लायसन्सला वय किमान १८ लागतं आणि उड्डाण २०० तास. त्यात १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून उडालेले हवेत, शिवाय रात्रीचं उड्डाण, ढगात फक्त यंत्रांवर नजर ठेवून केलेलं उड्डाण आणि ३०० सागरी मैलांची एक लांब फेरी. हवामान, दिशाशोधन, हवाई नियम, विमानाचं तंत्र यांच्या लेखी परीक्षा, रेडिओची परीक्षा वेगळी. या सगळ्याचा खर्च आज पन्नास लाखांच्या घरात जातो. एअरलाइनच्या कॅडेट योजनेत शिकलात तर कोटीच्या वर. आपण पन्नासच धरू. पन्नास लाख भागिले दोनशे तास, म्हणजे तासाला पंचवीस हजार. मिनिटाला सुमारे चारशे सतरा रुपये. शिकताना मी इंजिन सुरू करून धावपट्टीच्या तोंडाशी वाट बघत उभा असायचो, तेव्हा मला इंजिनाच्या आवाजात सोयाबीनची पोती ओतल्याचा आवाज ऐकू यायचा.

आता हेच पन्नास लाख बँकेतून दहा टक्क्यांनी काढले आणि दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तर हप्ता बसतो महिना सहासष्ट हजारांच्या आसपास. हा हप्ता लायसन्स हातात आल्यावर लगेच नोकरी मिळेल या भरवशावर असतो. खरी अडचण तिथंच आहे. दोनशे तासांच्या पोराला मोठ्या विमानात बसायचं तर त्या जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, त्याचे आणखी दहा लाखांच्या वर. छोट्या विमानाच्या मालकाला आणि त्याच्या विमा कंपनीला हवा असतो अनुभवी माणूस. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. या मधल्या पट्ट्यात माझ्या बरोबरीची काही हुशार पोरं थांबली, ती पुन्हा उडालीच नाहीत. त्यांची छायाचित्रं कुठल्या जाहिरातीत येत नाहीत, म्हणून इथं त्यांची आठवण काढतो.

मला एका छोट्या कंपनीत उजव्या बाजूची सीट मिळाली. को-पायलटची. माझा पहिला पगार वडिलांच्या शेवटच्या पगारापेक्षा कमी होता. मी ते घरी सांगितलं नाही, आईनं पासबुकावरून ओळखलं. शिवाय काम फक्त उडवण्याचं नव्हतं. सामान चढवणं, इंधनाचा हिशोब, पाहुण्यांचा चहा, पुढच्या गावची परवानगी, सगळं को-पायलटकडंच. मेलच्या ड्रायव्हरचा पोरगा पुन्हा फायरमनच्या कोळशापाशी आला होता.

पुढची शिडी अशी. एअरलाइनमध्ये वर्षाला सातशे-आठशे तास सहज होतात, कायद्याची कमाल मर्यादा हजाराची आहे. आमच्याकडं तीनशे झाले तर ते वर्ष चांगलं. वरचं लायसन्स, एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचं, १५०० तासांनंतर मिळतं. म्हणजे तिकडचा पोरगा दोन वर्षांत पोचतो तिथं आम्ही चार-पाच वर्षांनी. पण आम्हाला एक आडवाट आहे. साधं कमर्शियल लायसन्स असलेला पायलट ५,७०० किलोपर्यंतच्या विमानाचा कॅप्टन होऊ शकतो. आणि बी-२०० चं कमाल वजन आहे ५,६७० किलो. तीस किलोची सवलत! एका शाळकरी पोराचं वजन. त्या तीस किलोंमुळं छोट्या दोन इंजिनांच्या विमानात कॅप्टनची डावी सीट लवकर मिळण्याची शक्यता असते. कायद्यानं मिळते, पण मालक आणि विमा कंपनी त्यांच्या मनातला तासांचा आकडा भरल्याशिवाय देत नाहीत. मोठ्या पुढाऱ्यांच्या उड्डाणाला तर अटी आणखी कडक. आणि एअरलाइनमध्ये ज्येष्ठतेची यादी असते, आपला नंबर कधी लागेल ते दिसतं. दोन विमानांच्या कंपनीत यादीच नसते. कुणी सोडून गेलं किंवा मालकानं तिसरं विमान घेतलं, तरच तुमचा नंबर.

डावी सीट मिळण्याची ही अडचण आजची नाही. प्रेम माथुर यांना १९४७ मध्ये कमर्शियल लायसन्स मिळालं, असं लायसन्स मिळवणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या महिला. त्यांना घेतलं हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं. म्हणजे तेव्हा आपली परभणी ज्या राज्यात होती, त्याच राज्याच्या कंपनीनं. तास भरले, तरी डावी सीट मिळेना. बाई विमान चालवतेय म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, अशी भीती. त्या तिथून निघाल्या आणि घनश्यामदास बिर्ला यांच्या खाजगी पायलट झाल्या. पुढे १९५३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या. एअरलाइनचं दार अडलं तेव्हा एका उद्योगपतीचं विमान कामी आलं, तासांची वही चालू राहिली. आणि १९८५ मध्ये आपल्या मराठी कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता ते सिलचर विमान नेलं, तेव्हा कॉकपिटमध्ये दोघीही महिला होत्या. समोर बसलेल्या मुलींनो, फिजिक्स सोडू नका.

पालकांना तीन गोष्टी सांगतो. पहिली, फीचा एक रुपया भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळे, कान, साखर, रक्तदाब. लायसन्स मिळाल्यावरही ही तपासणी उडत असेपर्यंत चालू राहते, आणि एका वर्षी नापास झालं की उत्पन्न बंद. दुसरी, आजवरच्या नियमानं बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतात. कला-वाणिज्यची पोरं ते विषय मुक्त विद्यालयातून करू शकतात. तिसरी, शेत विकायच्या आधी चौकशी करा. नागपूरच्या महाज्योती संस्थेनं ओबीसी, भटके-विमुक्त मुलांना पायलट प्रशिक्षणासाठी निवडलेलं आहे. अशा जागा थोड्या असतात, पण अर्ज करायला पैसे पडत नाहीत. आणि उडण्याची हौसच असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठात ड्रोनवर काम चालतं, तेही जाऊन बघा. त्याला शेत विकावं लागत नाही, उलट शेतावरच चालतं.

आता मूळ प्रश्न. पगार किती, यापेक्षा पगार कशाचा? बरीच वर्षं मला वाटायचं, तासांचा. मग एका हिवाळ्यात समजलं.

मी तेव्हा कॅप्टन झालो होतो. सकाळी एका मोठ्या माणसाला मराठवाड्यातल्या एका छोट्या धावपट्टीवर उद्घाटनाला पोचवायचं होतं. खाली धुई. आपल्याकडं पेरणीनंतरच्या थंडीत पडते तशी, दुधासारखी. त्या पट्टीवर धुईतून खाली आणणारी यंत्रणा नव्हती. मी एक घिरटी घेतली, दुसरी घेतली. मागून निरोप आला, "मागच्या महिन्यात तुमचा दुसरा कॅप्टन उतरला होता की." छोट्या विमानात मालक दोन हातांवर बसलेला असतो, त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. आणि तोच तुमची पगारवाढ ठरवतो. मी विमान संभाजीनगरला नेलं. साहेब तिथून गाडीनं गेले, उद्घाटनाला तीन तास उशीर झाला. त्या वर्षी माझी पगारवाढ झाली नाही. पुढच्या वर्षी मी नोकरी बदलली.

धुईच्या त्या महिन्यात पूर्णेला आलो, तेव्हा मनातून खचलो होतो. दुसरा उतरला असता का, मी घाबरलो का, हेच डोक्यात. ओसरीवर वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी मेल घेऊन निघालो आणि पुढं सिग्नल लाल असला, तर गाडीत कलेक्टर बसलाय का मंत्री, हे मी कधी बघितलं नाही. गाडी उभी. पण मला तो सिग्नल केबिनवाला द्यायचा. तुला कोण देतो?"

मी म्हणालो, "कुणीच नाही. मीच."

"मग तुझं काम माझ्यापेक्षा अवघड आहे लेकरा," ते म्हणाले, आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

जून २०१८ मध्ये मुंबईत घाटकोपरला एक किंग एअर सी-९० चाचणी उड्डाणात कोसळलं. विमानातले चौघे आणि रस्त्यानं जाणारा एक माणूस गेला. आमच्या जातीचं विमान. अशी बातमी आली की या धंद्यातला प्रत्येक जण आपली जुनी उड्डाणं मनात पुन्हा उडून बघतो. लाल असताना आपण कधी पुढं गेलो होतो का? मी तेव्हा धुईतली ती सकाळ आठवतो, आणि मला झोप लागते. त्या वर्षी जी पगारवाढ मिळाली नाही, ती मला अशी रोज रात्री मिळते.

तर मागच्या रांगेतल्या मित्रा, आकडा तुला कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना कानात सांगतो. हप्ता जाऊन किती उरतो, तेही सांगतो. तिथं तू मला दुसरा प्रश्न विचार: सर, तुम्ही 'नाही' किती वेळा म्हणालात?