योहानिसबेर्गचा द्राक्षमळा



र्‍हाइन नदी एकंदरीत उत्तरेकडे वाहते. परंतु जर्मनीत माइन्झपाशी तौनुसचे डोंगर आडवे येतात आणि बिंगेनपर्यंत तिला पश्चिमेकडे वळावे लागते. त्यामुळे तिच्या उजव्या तीरावरील उतार थेट दक्षिणेकडे तोंड करून बसले आहेत. योहानिसबेर्गची टेकडी तेथलीच. पन्नासावे अक्षवृत्त या मळ्यातूनच जाते. इतक्या उत्तरेस द्राक्ष पिकते, ते या उताराच्या कृपेने.

१७१६ साली फुल्दाच्या मठाधिपतींनी हा जुना मठ विकत घेतला आणि १७२० पासून तेथे रीसलिंग या एकाच जातीची लागवड केली. त्या काळी मळ्यात अनेक जाती मिसळून लावीत. थंडीने एक गेली तरी दुसरी हाती लागे. शेतकऱ्याच्या त्या शहाणपणाला आम्ही तरी हसणार नाही. असे असता उशिरा पिकणाऱ्या एकाच जातीवर सारा भार टाकणे, हे धाडसच होते.

१७७५ साली तर मोठाच प्रसंग गुदरला. तोडणीची परवानगी फुल्दाहून येत असे. आज्ञा आणणारा स्वार उशिरा आला, अशी कथा सांगतात. उशिराचे कारण मात्र सांगणारागणिक निराळे! तोवर घडांवर बुरशी चढून मणी सुरकुतले होते. निरुपाय म्हणून तेच गाळले, आणि वसंतात चाखून पाहतात तो वाइन अपूर्व! ही बुरशी सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते. पाणी उडून जाते, साखर घट्ट होते. पुढे मुद्दामच उशिरा तोडणी होऊ लागली.

आता या कुलीन रीसलिंगचे कूळ पाहू. बिंगेनची साध्वी हिल्डेगार्ड हिने बाराव्या शतकात ‘ह्यूनिश’ म्हणजे हलक्या द्राक्षाची वाइन पाणचट ठरविली होती. १९९८ साली आनुवंशिक तपासणीत काय निघावे? त्याच उपेक्षित ह्यूनिशचे रीसलिंग हे अपत्य!

मुळेही आज तिची स्वतःची नाहीत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीने युरोपातील मळे पोखरले. तेव्हापासून अमेरिकी खुंटावर कलमे बांधतात. आमच्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे नवल वाटणार नाही. तोही थॉमसनची कलमे डॉगरिजच्या अमेरिकी खुंटावरच बांधतो. कारण तेवढे वेगळे: तिकडे किडीची धास्ती, इकडे जमिनीतील क्षार आणि पाण्याची ओढ.