साहेब बोलतात तेव्हा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा थोडा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय तसा जड आहे. उद्योगपती काय बोलतात, कसं बोलतात आणि त्यातून लोकांचा विश्वास कसा बसतो किंवा उडतो. मी काही त्या जगातली नाही. पण मालकाचं भाषण शेवटच्या बाकावर बसून ऐकण्याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळजणींना आहे, मलाही आहे. त्याच बाकावरून बोलते.

सुरुवात जरा लांबून करते. ऑक्टोबर 2014. अमेरिकेतलं फिनिक्स शहर. संगणक क्षेत्रातल्या बायकांचं 'ग्रेस हॉपर' या नावाचं मोठं संमेलन तिथे भरलं होतं. व्यासपीठावर मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला. त्या पदावर येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. मुलाखत घेत होत्या मारिया क्लावे, एका कॉलेजच्या अध्यक्ष आणि मायक्रोसॉफ्टच्याच संचालक मंडळाच्या सदस्य. त्यांनी विचारलं, ज्या बायकांना पगारवाढ मागायला संकोच वाटतो त्यांना काय सांगाल? नाडेलांच्या उत्तराचा आशय असा : मागण्याचा प्रश्न नाही, व्यवस्था योग्य ती वाढ देईल यावर श्रद्धा ठेवा. न मागणाऱ्या बाईकडे एक वेगळीच शक्ती असते. ते चांगलं कर्म आहे, ते परत येतं.

कर्माचं फळ! हे आपल्याला आजीने सांगितलं, सासूने सांगितलं, कीर्तनकाराने सांगितलं. आता जगातल्या एका बलाढ्य कंपनीचा प्रमुखही तेच सांगत होता, आणि तेही पगाराबद्दल.

क्लावेबाई गप्प बसल्या नाहीत. या बाबतीत माझं तुमच्याशी जमत नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. सभागृहात टाळ्या पडल्या. मग त्यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. प्रिन्स्टन विद्यापीठात अधिष्ठाता म्हणून जाताना त्यांनी पगाराची बोलणी केलीच नाहीत आणि त्यांच्या अंदाजाने 50 हजार डॉलर कमी पगार पदरात पडला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. अधिष्ठाता झालेली बाईसुद्धा मागायला लाजली! आणि त्यांचा सल्लाही अगदी आपल्या शिबिरातल्यासारखा : आधी माहिती काढा, त्या कामाचा दर काय चाललाय ते विचारा, मग घरी कुणासमोर तरी बोलण्याचा सराव करा.

त्याच दिवशी नाडेलांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं. माझं उत्तर साफ चुकलं, पगारवाढ आपल्याला मिळायला हवी असं वाटत असेल तर सरळ मागा, असं त्यात होतं. इथे थोडं थांबू. माफीच्या नावाखाली आपण काय काय ऐकलेलं आहे! 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला गेला.' 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर...' या वाक्यांत चूक नेहमी ऐकणारीची असते. नाडेलांनी ती स्वतःकडे घेतली, म्हणून लोकांचा राग बराचसा निवळला.

पण राग निवळला म्हणजे पगार वाढला असं नव्हे. पुढच्याच वर्षी, 2015 मध्ये, त्या कंपनीतल्या माजी कर्मचारी केटी मुसोरिस यांनी कोर्टात दावा लावला की बायकांना बढतीत आणि पगारात डावललं जातं. 2016 मध्ये कंपनीने आकडे जाहीर केले : अमेरिकेत एकाच पदावर, एकाच पायरीवर पुरुषाला एक डॉलर, तर बाईला 99.8 सेंट. ऐकायला छानच. पण त्या पायरीपर्यंत किती बायका पोचतात? दावा नेमका त्याबद्दल होता आणि आकडा त्याबद्दल मुका होता. सगळ्या बायकांच्या वतीने मिळून खटला चालवायला कोर्टाने 2018 मध्ये नकार दिला. म्हणजे माफी खरी असू शकते, आकडाही खरा असू शकतो, आणि तरीही आपला प्रश्न तिथेच राहू शकतो.

आता आपल्या मुंबईत येऊ. लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं कर्मचाऱ्यांपुढचं बोलणं जानेवारी 2025 मध्ये बाहेर आलं. आठवड्याला 90 तास काम करावं, रविवारीही तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची खंत वाटते, असं ते म्हणाले. पुढे, घरी बसून करता काय? बायकोकडे किती वेळ बघत बसणार? बायका तरी नवऱ्याकडे किती वेळ बघणार?

त्या वाक्यावर विनोद खूप झाले. मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. 90 तास सात दिवसांत वाटले तर रोजचे जवळजवळ 13 तास. सरकारच्याच 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोजचे सरासरी 289 मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची 88. शिवाय असं काही घरकाम करणारे पुरुष शंभरात सत्तावीसच. तेरा तासांत बाईचे हे पावणेपाच तास मिळवा. उरले सहा. त्यात झोप, आंघोळ, लोकल. म्हणजे 90 तासांचा तो कर्मचारी बाई असूच शकत नाही. त्याच्या मागे डबा भरणारी, पोरांना शाळेत सोडणारी कुणीतरी आहे हे साहेबांनी गृहीतच धरलं होतं. आणि तिच्याकडे 'बघण्यापलीकडे' घरात काही काम असतं हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

कंपनीने खुलासा काढला, पण चूक झाली असं त्यात नव्हतं. राष्ट्रउभारणीची भाषा होती, असामान्य यशाला असामान्य कष्ट लागतात असं होतं. लोक जास्तच चिडले. याच काळात एक आकडा तोंडोतोंडी झाला. 2023-24 सालात साहेबांना मिळाले सुमारे 51 कोटी रुपये, कंपनीतल्या मधल्या पगाराच्या 534 पट. (मधला पगार म्हणजे सगळ्यांचे पगार ओळीने लावल्यावर मधोमध येणारा.) शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला हा हिशेब 2013 च्या कंपनी कायद्याने छापावाच लागतो. वार्षिक अहवालात तो असतो, आपण तो काढून वाचायला शिकलं पाहिजे. त्याग करा असं सांगणारा स्वतः कुठे उभा आहे ते त्यात कळतं.

दोनच महिन्यांनी याच कंपनीने बायकांना पाळीसाठी महिन्याला एक दिवस पगारी रजा जाहीर केली. निर्णय चांगला, मी तो हसण्यावारी नेणार नाही. पण रजा मूळ कंपनीतल्या बायकांना, उपकंपन्यांतल्या नाही. जाहीर झालं की आपण टाळ्या वाजवतो आणि यादीत कोण नाही हे विचारायचं राहून जातं. साइटवर घमेली उचलणाऱ्या, कंत्राटदाराच्या हजेरीवरच्या बाईला ती रजा आहे का, हा प्रश्न आपणच विचारायचा.

शेवटी आमच्या भागातलं सांगते. औद्योगिक वसाहतीतला पॅकिंगचा कारखाना. मालक गोड बोलणारा, दर दिवाळीला सगळ्या बायकांना जमवून म्हणायचा, तुम्ही मला बहिणींसारख्या, ही कंपनी म्हणजे आपलं घर. एक वर्ष म्हणाला, पुढच्या दिवाळीपर्यंत सगळ्यांचा पीएफ सुरू करतो. बायकांचे डोळे भरून आले. त्या भोळ्या होत्या असं मी म्हणणार नाही, प्रेमाने बोलणारं माणूस त्यांना रोज भेटत नव्हतं, एवढंच.

त्यांच्यातली एक, सातवी शिकलेली, मुलाच्या शाळेची अर्धी कोरी वही घेऊन बसली होती. तिने मालकाचं वाक्य तारखेसकट लिहून घेतलं आणि खाली अकराजणींच्या सह्या, अंगठे घेतले. पुढच्या दिवाळीला मालक पुन्हा 'बहिणींनो' म्हणाला तेव्हा ती उठली आणि तिने मागचं पान मोठ्याने वाचलं. आवाज थरथरत होता. सुपरवायझर म्हणाला, बाई, हे काय कोर्ट आहे का? ती म्हणाली, नाही दादा, घर आहे ना, घरात हिशेब लिहितातच.

मालक त्या दिवशी काही बोलला नाही. फेब्रुवारीत चौदाजणींचे पीएफ नंबर आले. बाकीच्या नऊ अजून कंत्राटदाराकडे दाखवल्या आहेत, त्यांच्यासाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आमच्या फेऱ्या चालू आहेत. वही तिच्याकडेच आहे. या दिवाळीचं पान लिहून झालंय.